‘माझा हात उठला’

एका वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून: “माझे वय ३६ वर्षे. मला सहा वर्षांचा मुलगा आहे. लहानपणी बाबा मला मारायचे. पट्ट्याने, कधी हाताला लागेल त्या वस्तूने. संध्याकाळी दारात किल्ली फिरण्याच्या आवाजावरून आज काय होणार हे मला कळायचे. अर्थात त्याने माझे काही वाईट झाले नाही. शिकलो, नोकरीला लागलो. आजोबांनी बाबांनाही असेच वाढवले होते. मुलगा झाला त्या दिवशी मी ठरवले होते की याला कधीही मारणार नाही. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी निघायला उशीर होत होता, तो बूट घालत नव्हता, मी ओरडलो तर तो हसला, आणि माझा हात उठला. त्याच्या दंडावर माझ्या बोटांचे वळ दोन दिवस दिसत होते. त्या वेळी माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते शब्दाला शब्द बाबांचे होते. वळ पाहून पत्नीने विचारले तेव्हा ‘खेळताना लागले असेल’ असे मी सांगितले. मुलगाही काही बोलला नाही. तेव्हापासून मी मुद्दाम तो झोपल्यावर घरी येतो. पत्नीला दुसरे मूल हवे आहे, मी विषय टाळतो. बाबा आता माझ्या मुलाला मांडीवर घेऊन तासन्तास गोष्टी सांगतात. ते पाहून मला आनंद होण्याऐवजी राग येतो. हे रक्तातच असते का? खाण तशी माती म्हणतात, ते खरे आहे का?”

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. वडिलांविषयी लिहिताना तुम्ही ‘बाबा मारायचे’ असे लिहिले आहे. तिथे कर्ता कोण याविषयी शंका राहत नाही. स्वतःविषयी लिहिताना मात्र ‘माझा हात उठला’ असे लिहिले आहे, जणू हात हा कोणी तिसराच गृहस्थ होता आणि तुम्ही शेजारी उभे राहून पाहत होतात. आपली भाषा अशी सोय करून देते. हात उठतो, तोल जातो, शब्द निघून जातो, आणि ज्याने हे सगळे केले तो माणूस वाक्यात कुठेच दिसत नाही. तुम्हाला खजील करण्यासाठी हे लिहीत नाही. तुम्ही पुरेसे खजील आहात हे पत्रावरून दिसतेच. परंतु जे आपोआप घडले असे आपण मानतो ते थांबवण्याचा विचार करता येत नाही, आणि जे आपण केले असे मान्य करतो ते पुढच्या वेळी न करण्याची शक्यता तरी उरते, म्हणून त्या वाक्याकडे लक्ष वेधले.

रक्ताचा आणि मातीचा प्रश्न मोठा आहे व त्याचे उत्तर मी देणार आहे. पण त्याआधी एका लहान माणसाचा विषय आहे, कारण त्याला थांबायला सांगता येणार नाही. आईने वळांबद्दल विचारले, वडील खोटे बोलले आणि मुलगा गप्प राहिला. सहा वर्षांच्या मुलाला त्या सकाळी दंड दुखला हे खरे, परंतु त्यापेक्षा खोल गेलेली गोष्ट कदाचित ती दुपार किंवा ती संध्याकाळ असेल, जेव्हा घरात काय बोलायचे नसते हे त्याला कळले. घरातील मारहाण पिढ्यानुपिढ्या टिकते ती अशा मौनाच्या आधाराने, आणि हे मौन मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. मोठ्यांच्या चेहऱ्यावरून ते तो उचलतो. तुम्हालाही लहानपणी कोणी ‘बाहेर सांगू नकोस’ असे स्पष्टपणे म्हटले होते का, आठवून पाहा.

तेव्हा आज किंवा उद्या, पण या आठवड्यातच, पत्नीला खरे सांगा. पत्र लिहून सांगितले तरी चालेल, परंतु मोघम नको; कोणत्या सकाळी, कशावरून, काय केले आणि वळांबद्दल खोटे बोललो, एवढे सगळे. त्यांना राग येईल, तो येऊ द्या आणि त्या वेळी स्वतःच्या बालपणाची हकिगत पुढे करू नका. ती सांगायची वेळ नंतर येईल. त्यानंतर मुलाशी बोला. लहान मुलाची माफी मागताना पालक दोन चुका हमखास करतात. एक म्हणजे, ‘तू बूट घातले असतेस तर’ असे शेपूट जोडतात, आणि दुसरी म्हणजे, इतके हळवे होतात की मुलालाच त्यांची समजूत काढावी लागते. तुम्ही त्याच्या उंचीला बसा आणि चार वाक्ये बोला: “त्या दिवशी मी तुझ्या दंडावर मारले आणि तुला लागले. ते माझे चुकले, तुझे नाही. मी आईला खोटे सांगितले होते, आता खरे सांगितले आहे. असे पुन्हा कोणीही केले, मी केले तरी, तू आईला सांगायचे.” त्याने काही उत्तर दिले नाही किंवा खेळायला निघून गेला तर जाऊ द्या. ‘मला माफ केलेस ना?’ असे विचारू नका. ते त्याचे काम नाही.

आता तुमचा प्रश्न.

‘रक्तातच असते का’ हे तपासण्यासाठी माणसांवर प्रयोग करता येत नाहीत, पण माकडांवर झाला आहे. डारियो माएस्ट्रिपिएरी या संशोधकाने ऱ्हीसस जातीच्या माकडांमध्ये पिल्लांना छळणाऱ्या माता आणि न छळणाऱ्या माता यांच्या नवजात माद्यांची अदलाबदल केली आणि त्या माद्या स्वतः आई होईपर्यंत त्यांचे निरीक्षण केले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या पिल्लांना लहानपणी छळ सोसावा लागला त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणींनी आपल्या पहिल्या पिल्लाला छळले, मग त्यांना वाढवणारी आई सख्खी असो वा पालक. याउलट छळणाऱ्या आईच्या पोटी जन्मून चांगल्या आईकडे वाढलेल्या एकीनेही तसे केले नाही. म्हणजे तिथे जे पुढे गेले ते जन्माने गेले नव्हते, वाढवण्यातून गेले होते. माणसात स्वभावाचा काही भाग आनुवंशिक असतो, त्यामुळे कोणी लवकर चिडतो, कोणी उशिरा. परंतु चिडणे आणि मुलावर हात टाकणे यांच्यामध्ये बरेच काही शिकलेले असते, आणि शिकलेले आहे म्हणूनच ते बदलण्याची गोष्ट करता येते. छळलेल्या त्या माद्यांपैकीही बऱ्याच जणींनी आपल्या पिल्लांना छळले नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि त्यांना तर तुमच्यासारखे पत्र लिहिता येत नव्हते.

‘खाण तशी माती’ या म्हणीवर आपला इतका विश्वास का बसतो, याचे एक कारण मोजणीच्या दिशेत आहे. १९७९ मध्ये हंटर आणि किलस्ट्रॉम या दोन अमेरिकी संशोधकांनी अकाली जन्मलेल्या किंवा आजारी नवजात बाळांच्या २८२ कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ४९ कुटुंबांत पालकांनी स्वतःच्या बालपणी मारहाण किंवा आबाळ सोसल्याचे सांगितले होते. बाळे वर्षाची होईपर्यंत १० बाळांच्या बाबतीत गैरवर्तन झाल्याची नोंद झाली, आणि त्या १० पैकी ९ कुटुंबांत पालकांचे स्वतःचे बालपण तसेच होते. हे ऐकल्यावर कोणीही म्हणेल की बघा, दहात नऊ! परंतु तीच माहिती दुसऱ्या टोकाने वाचली तर ज्या ४९ कुटुंबांनी तसे बालपण सांगितले होते त्यांच्यापैकी ४० कुटुंबांत तसे काही घडलेले नव्हते. न्यायालयात, रुग्णालयात, वर्तमानपत्रात आपल्याला भेटतात ती ते नऊ. उरलेली चाळीस आपापल्या घरी मुलांना झोपवत असतात आणि त्यांची बातमी होत नाही. तुम्ही स्वतःकडे पाहता तेव्हा केवळ त्या नऊ जणांच्या रांगेत उभे राहून पाहता.

मात्र चाळीसच्या आकड्यावर निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. ती पाहणी बाळाच्या पहिल्या वर्षापुरतीच होती, आणि मुलाशी पालकांचा खरा झगडा ते चालू-बोलू लागल्यानंतर सुरू होतो. १९८७ मध्ये जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन अंदाज मांडला की बालपणी छळ सोसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक आपल्या मुलांशी गैरवर्तन करतात. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाले. कॅथी स्पॅट्झ विडम यांचे काम या वादात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यांनी लोकांच्या आठवणींवर विसंबून न राहता १९६७ ते १९७१ या काळात न्यायालयात नोंद झालेल्या प्रकरणांतील मुले आणि त्यांच्याशी मिळत्याजुळत्या परिस्थितीतील इतर मुले अशा दोन गटांचा पाठपुरावा ती स्वतः आई-बाप होईपर्यंत केला. २०१५ मधील त्यांच्या निष्कर्षांत दोन गोष्टी होत्या. बालपणी छळ किंवा आबाळ सोसलेल्यांच्या पुढच्या पिढीत आबाळ आणि लैंगिक अत्याचार यांचा धोका वाढलेला दिसला. शारीरिक मारहाणीच्या बाबतीत मात्र ती तशीच पुढे जाते असा पुरावा सापडला नाही. शिवाय ज्यांचे बालपण सरकारदरबारी नोंदलेले होते त्यांच्या घरातील चूक यंत्रणेच्या नजरेस अधिक सहज पडत होती, आणि तसेच वागणाऱ्या इतर घरांतील सुटून जात होती. एकूण चित्र असे की धोका वाढतो हे खरे आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तरी तो मध्यम प्रमाणात वाढलेला दिसतोच. पण वाढलेला धोका म्हणजे लिहिलेले भविष्य नसते. बहुसंख्य लोक ते पुढे नेत नाहीत.

तर मग पुढे नेणारे आणि न नेणारे यांच्यात फरक कशाने पडतो? इथे तुमच्या मुलाच्या हसण्याकडे वळू या.

तुम्ही ओरडलात आणि तो हसला. हात उचलण्याआधीची शेवटची गोष्ट ती होती. सहा वर्षांचे मूल मोठा माणूस अंगावर ओरडला की पुष्कळदा घाबरून हसते, काय करावे हे न सुचल्याने हसते, किंवा वातावरण पुन्हा सुरळीत व्हावे म्हणून हसते. तुम्हाला ते हसणे कसे दिसले? पत्रात तुम्ही लिहिलेले नाही, परंतु माझा अंदाज असा की ते तुम्हाला आव्हानासारखे दिसले. मारहाण सोसलेल्या मुलांच्या नजरेविषयी सेथ पोलक आणि पवन सिन्हा यांनी २००२ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला आहे. अंधुक चित्रातून हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहरे मुलांना दाखवले, तेव्हा मार खाल्लेल्या मुलांनी रागाचा चेहरा इतर मुलांपेक्षा बराच आधी, अपुऱ्या माहितीवरच ओळखला. किल्लीच्या आवाजावरून संध्याकाळचे भाकीत करणारा मुलगा म्हणजे हेच कौशल्य. त्या वयात त्या घरात ते उपयोगाचे होते. त्याने तुम्हाला वाचवलेही असेल. अडचण अशी की मोठेपणी घर बदलते तरी ती नजर तशीच राहते, आणि मग समोर जे नाही तेही तिला दिसू लागते. बूट न घालणारे पोर हट्टी, दमलेले किंवा खेळात रमलेले न दिसता अपमान करणारे दिसते. पुष्कळ घरांत पहिला फटका पडण्यापूर्वी मुलाच्या वागण्याचा असा चुकीचा अर्थ लावला गेलेला असतो.

दुसरी गोष्ट तुमच्या ‘अर्थात’ या शब्दात आहे. पट्टा, किल्लीचा आवाज, आणि लगेच ‘अर्थात त्याने माझे काही वाईट झाले नाही’. मानसविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एका तरुण आईविषयी लिहिले होते. तिची काही महिन्यांची मुलगी तिच्या समोर घसा बसेपर्यंत रडत असे आणि आई शून्यात पाहत बसे. तिला ते रडणे जणू ऐकूच येत नसे. तिला बाळ कसे घ्यावे हे शिकवण्याची घाई त्यांनी केली नाही. या आईचे स्वतःचे रडणे कोणी ऐकले होते का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आपल्या बालपणाची हकिगत ती कोरडेपणाने सांगत असे, आणि जेव्हा एकदाची ती सांगता सांगता रडली, तेव्हा कोणी न सांगता तिने बाळाला उचलून छातीशी धरले. फ्रायबर्ग यांचे म्हणणे असे की घडलेल्या गोष्टी असे पालक विसरत नाहीत. कोणत्या पट्ट्याने मारले हेही ते सांगू शकतात. त्या वेळी काय वाटले होते, तेवढे मात्र पुसलेले असते. ज्याला स्वतःची ती भीती आठवते तो तीच भीती दुसऱ्या लहान मुलाच्या डोळ्यांत दिसली की थांबतो, आणि ज्याला आठवत नाही त्याच्या हाती फक्त वडिलांचे वाक्य उरते, शब्दाला शब्द. हंटर आणि किलस्ट्रॉम यांच्या त्या चाळीस कुटुंबांविषयीही असेच आढळले होते: त्या पालकांना आपल्या बालपणाविषयी तपशिलात बोलता येत होते आणि आपल्याशी झालेल्या वागणुकीचा त्यांना उघड राग होता.

याचा अर्थ, वडिलांना पाहून येणाऱ्या रागाला तुम्ही जे दूषण देत आहात ते मला पटत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी ‘मी कधीच मारणार नाही’ अशी शपथ घेतलेले पुष्कळ असतात. शपथेत खोट नसते, पण ती काय करायचे नाही एवढेच सांगते. घाईच्या सकाळी, मूल ऐकत नसताना, त्या चार सेकंदांत माणूस जे पाहून मोठा झाला तेच त्याच्या अंगात तयार असते, आणि दुसरे काही तयार केलेले नसेल तर तेच बाहेर येते. पोहायला न शिकलेल्या माणसाने ‘मी बुडणार नाही’ असे कितीही निश्चयाने म्हटले तरी पाण्यात त्याचा उपयोग नसतो. दुसरे काही तयार करणे म्हणजे सराव, आणि तो राग नसतानाच्या वेळी करावा लागतो. पालक-बालक आंतरक्रिया उपचार नावाची एक पद्धत आहे, शीला आयबर्ग यांनी विकसित केलेली. तिच्यात पालक मुलाशी खेळत असतात, तज्ज्ञ एकतर्फी आरशामागे बसून त्यांना पाहत असतात आणि कानातल्या यंत्रातून त्या त्या क्षणी हळूच सुचवत असतात: आता तो काय करतो आहे ते फक्त बोलून दाखवा, आता सूचना देऊ नका, आता एकदाच सांगा आणि थांबा. मुलांना मारहाण केल्याची नोंद असलेल्या ११० पालकांचे गट पाडून मार्क चॅफिन यांनी ही पद्धत पडताळून पाहिली. २००४ मधील त्यांच्या अहवालानुसार, सुमारे ८५० दिवसांच्या पाठपुराव्यात या पद्धतीने शिकलेल्यांपैकी १९ टक्के पालकांविरुद्ध मारहाणीची पुन्हा तक्रार आली, तर नेहमीच्या पालक-वर्गांना गेलेल्यांपैकी ४९ टक्क्यांविरुद्ध आली. हे तुमच्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेले पालक होते.

प्रत्यक्ष यंत्र आणि आरसा तुम्हाला मिळो न मिळो, त्यातील पहिला भाग घरी करता येतो. रोज दहा मिनिटे मुलासोबत जमिनीवर बसा आणि खेळ त्याला चालवू द्या. त्या दहा मिनिटांत प्रश्न, सूचना, दुरुस्ती काही नाही; तो जे करतो आहे ते शब्दांत सांगा, एवढेच. हे वाटते तितके सोपे नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तुमच्या लक्षात येईल की मुलाशी आपण जवळजवळ सगळे बोलणे आज्ञार्थात करतो. आणि याच खेळात तुम्हाला त्याची निरनिराळी हसणी ओळखता येऊ लागतील. घाबरल्याचे कोणते, खोडीचे कोणते, नुसते आनंदाचे कोणते. घाईच्या सकाळीसाठी मात्र वेगळा, अगदी यांत्रिक नियम ठरवा: आवाज चढला की तुम्ही खोलीबाहेर जायचे, आणि पत्नी घरात असतील तर ‘तू बघ’ एवढे दोन शब्द बोलून जायचे. उशीर झाला तर होऊ द्या.

आता, मुद्दाम उशिरा घरी येण्याविषयी. तुम्ही हे मुलाला वाचवण्यासाठी करत आहात हे मला समजते, आणि तरीही यातील तुमचा हिशेब चुकतो आहे असे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच्या बाजूने पाहा. वडिलांनी मारले, कोणी त्याविषयी बोलले नाही, आणि त्या दिवसापासून वडील दिसेनासे झाले. सहा वर्षांचे मूल याचा अर्थ एकच लावते: मी वाईट आहे म्हणून ते येत नाहीत. विडम यांच्या अभ्यासात पुढच्या पिढीत दिसलेल्या गोष्टींत आबाळ होती, हे वर आलेच आहे. मारण्याच्या भीतीने लांब राहणारा बाप मारत नाही हे खरे, पण तीन आठवड्यांचे तीन महिने आणि तीन महिन्यांची तीन वर्षे होतात, आणि मुलाच्या वाट्याला वडील येत नाहीत ते नाहीतच. तुम्ही रोज वेळेवर घरी यावे, आणि पहिले काही आठवडे पत्नी घरात असतानाच मुलासोबत वेळ घालवावा, असे मी सुचवेन. ही सोय तुमच्यावरील अविश्वासातून सुचवलेली नाही. बायरन इगलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून ती येते. बालपणी छळ सोसूनही आपल्या मुलांशी नीट वागणाऱ्या मातांच्या आयुष्यात त्यांना तीन गोष्टी ठळकपणे आढळल्या: लहानपणी छळ न करणारे, जीव लावणारे एखादे मोठे माणूस, आयुष्यात कधीतरी घेतलेले मानसोपचार, आणि आताचा स्थिर, आधार देणारा जोडीदार. पहिल्या गोष्टीबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही; शाळेतले, शेजारचे, नात्यातले कोणी होते का हे आठवून पाहणे उपयोगाचे ठरेल. तिसरी तुमच्या घरात आहे, पण सध्या तुम्ही तिच्याशी खोटे बोलत आहात. दुसऱ्या गोष्टीकडे मी शेवटी येते.

तुमच्या वडिलांविषयी मी जपून लिहिते, कारण त्यांची बाजू माझ्यासमोर नाही. नातवाला मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारा हाच माणूस आपल्याला पट्ट्याने मारत होता, हे पाहणे किती अवघड असेल! त्यातून मनात येते ते असे, की यांना मऊ बोलता येत होते तर. मग माझ्याशी का नाही? आजोबांवर घर चालवण्याचा भार नसतो, मुलगा बिघडेल ही धास्ती नसते, वय रागाची धार कमी करते, अशी कारणे सांगता येतात आणि ती खोटीही नाहीत. परंतु त्यांतले कोणतेही कारण त्या वेळच्या सात-आठ वर्षांच्या मुलाला काही देत नाही, आणि त्याला जे मिळाले नाही त्याचे दुःख करण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यांनाही तसेच वाढवले गेले होते हे समजून घेणे म्हणजे त्यांनी केले ते योग्य म्हणणे नव्हे. त्यांच्याकडून कबुली किंवा माफी मिळवण्याच्या मागे सध्या लागू नका. मिळाली तर उत्तम, पण तुमचे सुधारणे त्यावर अवलंबून ठेवलेत तर किल्ली पुन्हा त्यांच्याच हातात जाईल. एवढे मात्र त्यांना नीट सांगा की या घरात मुलावर कोणीही हात उचलायचा नाही आणि ‘आम्हीही मार खाल्ला म्हणून घडलो’ असे त्याच्यासमोर बोलायचे नाही. गोष्टी सांगू द्या. तुमच्या मुलाला प्रेमळ आजोबा मिळाले आहेत, आणि तुमच्या रागासाठी त्याला ते गमावायला लावू नका.

दुसऱ्या मुलाचा निर्णय सध्या घेऊ नये. स्वतःला शिक्षा म्हणून नकार देणे आणि पत्नीला खूष ठेवण्यासाठी होकार देणे, दोन्ही तितकेच वाईट. त्यांना खरे कळल्यानंतर, काही महिन्यांनी, दोघांनी मिळून हा विषय काढावा.

आता मानसोपचार. एकदाच तर घडले, त्यासाठी कशाला, असे मन म्हणेल. मला ते पटत नाही. मुलाच्या अंगावर वळ उमटले, त्याविषयी खोटे बोलले गेले आणि त्यानंतर वडील घरापासून दूर राहू लागले, एवढे कारण पुरेसे आहे. लहान मुलांच्या आणि पालकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जा. झोप लागत नसेल, दारूचे प्रमाण वाढले असेल, मन सतत खिन्न असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण अशा गोष्टी रागाचा उंबरठा खाली आणतात आणि त्यांवर उपचार होतात. आणि पुन्हा एकदा जरी असे घडले तरी त्या दिवशी मुलाला घेऊन दुसरीकडे राहायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे पत्नीचा असेल, हे आजच, शांतपणे, दोघांत ठरवून ठेवा.

पहिल्या भेटीत काय बोलायचे हे सुचत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. तुम्हाला ती अडचण येऊ नये. मला लिहिलेले हे पत्रच सोबत न्या आणि वाचून दाखवा. फक्त ‘माझा हात उठला’ हे वाक्य खोडून तिथे त्या सकाळी तुम्ही जे केले ते लिहा, आणि ‘अर्थात त्याने माझे काही वाईट झाले नाही’ या वाक्यापाशी आलात की पुढे न वाचता थोडे थांबा.